रंजूची डीपी

घरातला दिवा पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा त्याला दोनच साक्षीदार होते. एक टीना आणि दुसरी तिच्या मांडीवरची चिमी. त्यातली चिमी अजून बोलत नव्हती आणि टीनाचं घरात कोणी ऐकत नव्हतं. म्हणजे साक्षीदार असून नसल्यासारखेच.

झालं असं, की संध्याकाळी टीना चिमीला वरण-भात भरवत होती. चिमीने तोंड असं मिटून घेतलं होतं, की आता ते लग्नाच्या वयातच उघडेल असं वाटावं. तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब मंद झाला, क्षणभर विचारात पडला आणि पुन्हा उजळला. चिमीने वर पाहिलं, त्याच्यासारखेच दोन्ही डोळे मिटले, उघडले आणि खुदकन हसली. हसताना तोंड उघडलं, तेवढ्यात टीनाने घास आत सरकवला. घास गेला आणि मग तिने वर बल्बाकडे पाहिलं.

"आई, लाईट पाहिली का?"

सासूबाई सुंदरबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. "पाहिली ना. लागून हाय."

"अहो, लुकलुकली आत्ता."

सुंदरबाईंनी मान वर केली. बल्ब इतका स्थिर, जसा तपासणीच्या साहेबासमोर बसलेला पोरगा. "कुठी वो? तुहे डोळे लुकलुकले असतीन. झोप होत नाही तुही."

टीना भंडाऱ्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. पण अड्याळला सासरी आल्यापासून त्या पदवीचा उपयोग दोनच ठिकाणी झाला होता. एकदा सोयरीक जुळवताना आणि एकदा टीव्हीचा रिमोट चालेना तेव्हा. रिमोटमध्ये सेल उलटे होते. ते तिने सुलटे केले तेव्हा सासरे यादोराव कौतुकाने म्हणाले होते, "शिक्षण वाया नाही गेलं पोरीचं."

चिमी झोपल्यावर टीनाने मोबाईलवर शोध घेतला. घरातले दिवे का लुकलुकतात आणि काळजी कधी करावी? उत्तराची सुरुवात फार गोड होती. बल्ब सैल असेल, घट्ट करा, चिंता नको. मोटर सुरू होताना क्षणभर मंद होणं साधारण आहे. शेवट मात्र असा होता, की भिंतीच्या आत जोड सैल होऊन ठिणग्या पडत असतील, वास येत असेल, बटनं गरम लागत असतील, तर वाट पाहू नका. टीनाचा स्वभाव कुठलंही उत्तर शेवटाकडून वाचायला सुरुवात करण्याचा. तिने भिंतीकडे पाहिलं. त्याच भिंतीला चिमीचा पाळणा टेकलेला.

त्या दिवसापासून पाळण्याचा प्रवास सुरू झाला. भिंतीपासून तो खोलीच्या मधोमध आला. तिथे वर पंखा, म्हणून पलीकडच्या भिंतीला गेला. तिथे दुसरा स्विचबोर्ड निघाला, म्हणून अखेर दारात आला. आता घरात येणारा प्रत्येक माणूस वाकून येऊ लागला. यादोराव धानाच्या मळणीवरून दमून आले की कपाळावर पाळण्याची दांडी बसायची आणि ते म्हणायचे, "बापा, देवळात जाताना मी एवढा वाकलो नाही कधी."

शिवाय टीना येता-जाता स्विचबोर्डांना हाताची उलटी बाजू लावून पाहू लागली, चिमीच्या कपाळाला लावावी तशी. एकदा सुंदरबाईंनी ते पाहिलं. त्या जवळ आल्या, बोर्डाकडे काळजीने बघितलं आणि विचारलं, "ताप हाय का त्याले?"

नवरा प्रितम भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला. टीव्ही सुरू असेल तोवर घरात लाईनचा प्रॉब्लेम नाही, हे त्याचं ठाम मत. तरी बायकोसाठी तो स्टुलावर चढला आणि बल्ब घट्ट करायला गेला. बल्ब खटक्याचा, दाबून फिरवायचा. तो बसतो तरी किंवा पडतो तरी, घट्ट होणं ही त्याच्या स्वभावातली गोष्टच नव्हे. प्रितमने तो इतक्या जिद्दीने घट्ट केला, की होल्डर वायरीसकट हातात आला.

मग कैलाश इलेक्ट्रिशियनला बोलावणं गेलं. तो 'हे आलोच' असं पुष्कळदा म्हणून झाल्यावर खरंच आला. प्रत्येक इलेक्ट्रिशियन आल्या-आल्या आधीच्या इलेक्ट्रिशियनच्या नावाने कपाळाला हात लावतो, हा त्या धंद्यातला नमस्कारच आहे. कैलाशनेही लावला. "अरारारा! हे फिटिंग कोन्या गाढवानं केलं?"

"तूच केलं बे," यादोराव दारात वाकल्या-वाकल्या म्हणाले. "प्रितमच्या लग्नात."

कैलाशने वायर पुन्हा निरखली. "मंग मजबूत हाय," तो म्हणाला. त्याने होल्डर बदलला, सगळे बोर्ड उघडून पेच कसले, चहा घेतला आणि घरातलं काम एक नंबर आहे असं सांगून गेला. तो कोपऱ्यावर वळला असेल-नसेल, नव्या होल्डरातला बल्ब लुकलुकला. चिमी हसली.

समोरचे सोमाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याचं खातं सुटलं तरी पाण्यावरचा विश्वास सुटला नव्हता. ते म्हणाले, "अर्थिंग सुकली असन. मीठ टाका आन् रोज पाणी घाला. लाईनले बी तहान लागते, बाई." अर्थिंगचा खड्डा अंगणात तुळशीच्या शेजारीच. सुंदरबाईंनी ते काम आनंदाने अंगावर घेतलं. तुळशीला पाणी, मग अर्थिंगला पाणी. काही दिवसांनी टीनाला खड्ड्याच्या झाकणावर हळद-कुंकू दिसलं.

"आई, हे काय?"

"शेजारी शेजारी हायेत. एकीले लावाचं आन् एकीले नाही, बरं दिसते का?"

आता उरला शेजार. कुंपणाच्या भिंतीपलीकडे रंजू आणि लिलाधर राहत. लिलाधर तलावाची मासळी आणून विकायचा आणि त्याने नुकताच मोठा फ्रीजर घेतला होता. फ्रीजर घुर्रकन सुरू झाला की टीनाच्या घरातला दिवा मान खाली घालतो, असं तिच्या लक्षात आलं होतं. पण हे रंजूला सांगायचं कसं? रंजू म्हणजे टीनाचा गावातला एकमेव आधार. चिमीला दात येताना रात्रभर टीनासोबत बसलेली. ताजे झिंगे आले की वाटीभर भिंतीवरून आधी इकडे येणार.

भिंतीशी रंजू भेटली तेव्हा तिच्या हातात एक जळका बल्ब होता. "पुन्हा उडाला मेला," ती वैतागून म्हणाली. टीनाने हळूच फ्रीजरचा विषय काढला.

"माह्या फ्रीजरनं तुह्या घरची लाईट कमी होते?" रंजू हसली. "मंग त्यातले झिंगे तूच खातं ना वो! भरपाई चालूच हाय." टीनाही हसली. जळक्या बल्बाची चौकशी तेवढी राहून गेली.

शेवटी टीना चिमीला कडेवर घेऊन वीज कार्यालयात गेली. खिडकीमागच्या माणसाने संगणकातून डोळे न काढता विचारलं, "लाईन हाय का नाही?"

"आहे, पण कमी-जास्त..."

"हाय ना?"

"आहे. पण मधेच मंद होते आणि..."

"म्याडम, आमच्याइथं दोनच बटनं हायेत. लाईन चालू, लाईन बंद. लुकलुकचं बटन नाही." मग त्याने दया येऊन बिल पाहिलं. "लक्ष्मणराव कोन?"

"माझे आजेसासरे."

"त्याइले पाठवा. ग्राहकानं स्वतः तक्रार कराची."

"ते वारले."

"कवा?"

"माझ्या लग्नाच्या आधी."

"मंग एवढ्या दिवसांपासून बिल कोन भरून राहिलं?" त्या माणसाने असं दचकून पाहिलं, की टीनाला क्षणभर आपणच काहीतरी लपवतोय असं वाटलं. आधी मीटरचं नाव बदला, मग तक्रार करा, असा निकाल लागला. चिमीने त्याला टाटा केला. टीनाने नाही.

लाईनमन तुलाराम मात्र भला माणूस. तो फोनवर म्हणाला, "डीपीवरच फॉल्ट असन, ताई. पण एकटीच्या सांगण्यावरून मले डीपी खोलता येत नाही. तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाका. सगळे हो म्हणले की मले पाठवा. मी साहेबाले दाखवतो."

आता डीपी म्हणजे रस्त्यावरच्या खांबाशी ट्रान्सफॉर्मर आणि त्याखालची ती गंजकी पेटी, जिच्यातून सगळ्या गल्लीला लाईन जाते. ती बरोबर रंजूच्या घरासमोर होती. त्यामुळे गल्लीत तिचं नावच रंजूची डीपी. पाहुण्यांना पत्ता सांगताना सगळे म्हणत, "रंजूच्या डीपीपाशी उतरा." लिलाधरने हे घर बांधलं त्याच्या कितीतरी आधीपासून पेटी तिथे होती, पण लोकांनी ती रंजूच्या माहेरहून आल्यासारखी तिच्या नावावर करून टाकली होती.

तर टीनाने एका हाताने चिमीला भरवत दुसऱ्या हाताने ग्रुपवर लिहिलं: "सर्वांना नमस्कार. रंजूताईची डीपी खूप खराब झाली आहे. बघून भीती वाटते. आमच्या घरात लहान मूल आहे. तरी ती लवकरात लवकर बदलायला हवी. सहमत असाल तर कळवा."

आणि योग असा, की त्याच सकाळी रंजूने मोबाईलवर नवी डीपी ठेवली होती, म्हणजे स्वतःचा फोटो. भाचीच्या लग्नातला. हिरवी साडी, नथ, आणि लिलाधरचा काळा गॉगल.

ग्रुपवर एरवी सुप्रभातापलीकडे कोणी बोलत नसे. त्या दिवशी मात्र गल्लीला कंठ फुटला. "एकदम सहमत," कैलाशने लिहिलं. दुसरा कोणी म्हणाला, "किती दिवसांपासून म्हणून राहिलो, पण बोलणार कोण?" तिसरा म्हणाला, "जवळून जाताना आवाज पण येते." प्रितमने दुकानातून अंगठा पाठवला. आणि सोमाजींनी, अनुभवी माणसाच्या गांभीर्याने, समारोप केला: "वय झालं तिचं. आता लोड झेपत नाही. वरून रंग लावून काही होत नाही."

टीना एवढ्या पाठिंब्याने भारावली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या काळजीवर संपूर्ण गल्लीचं एकमत झालं होतं. तिने सगळं तुलारामला पाठवलं आणि तृप्त मनाने चिमीचं तोंड पुसलं. रंजूचा फोटो जाऊन तिथे राखाडी रंगाचं बिनचेहऱ्याचं माणूस आलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. थोड्या वेळाने रंजू ग्रुपमधून बाहेर पडली. टीनाला वाटलं, नेट गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी झिंग्यांची वाटी भिंतीवर पालथी घातलेली सापडली. झिंगे नाहीत, निरोप नाही. "रंजूताई," टीनाने हाक मारली. पलीकडून दार लागल्याचा आवाज आला.

प्रितमने घरी आल्यावर तो मेसेज, त्याखालची उत्तरं आणि कोणीतरी जपून ठेवलेला गॉगलचा फोटो एकापाठोपाठ एक दाखवला. नंतर तो हसत-हसत जमिनीवर बसला आणि उठताना पाळण्याच्या दांडीवर आपटला. टीनाला हसू आलं नाही. तिने पुन्हा एकदा मेसेज वाचला. 'बघून भीती वाटते.' आणि वर चिमीलाही साक्षीला घेतलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. स्विचबोर्डाला नव्हता तेवढा ताप तिला चढला.

ती माफी मागायला गेली तर लिलाधरने दार अर्धवट उघडलं. "ते झोपली हाय," तो ओशाळून म्हणाला. आतून 'झोपलेल्या' रंजूचा आवाज आला, "सांगा तिले, चेहरा दाखवाचा नाही मले! भेतेत लहान लेकरं!"

असे काही दिवस गेले. दिवा लुकलुकत होता, रंजू बोलत नव्हती आणि तुलारामचा साहेब दौऱ्यावर होता. टीनाला आता कशाची काळजी जास्त वाटते हेच कळेनासं झालं होतं. पाळणा दारातच होता. चिमी पलीकडच्या भिंतीकडे हात करून "ज्जू, ज्जू" करायची. टीनाने भिंतीकडे पाहणं टाळलं तरी ऐकणं टळत नव्हतं.

मग एका तिन्हीसांजेला ते घडलं. टीना चिमीला भरवत होती. बल्ब मंद झाला आणि या वेळी पुन्हा वर आलाच नाही. विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस होऊन राहिला. पंखा धापा टाकू लागला. आणि त्याच क्षणी खिडकीतून पांढराशुभ्र उजेड आत आला. रंजूच्या पडवीतला बल्ब भर दुपारच्या उन्हासारखा तळपत होता. मग फट् असा आवाज झाला, अंधार झाला आणि रंजू ओरडली, "गेला वो माय! हा बी गेला!"

टीनाच्या हातातला घास हातातच राहिला. इकडे मंद, तिकडे भडक. कॉलेजातला फळा, त्यावरच्या तीन फेजच्या रेघा आणि मधली चौथी, न्यूट्रलची, तिच्या डोळ्यांसमोर अशी उभी राहिली, जशी परीक्षेत कधी राहिली नव्हती. ती चिमीला घेऊन भिंतीशी धावली.

"रंजूताई! तुमच्याकडे लाईट वाढते का?"

आत कडी वाजली, दार उघडलं नाही.

"रंजूताई, माझी कमी होते तेव्हा तुमची वाढते का? एवढंच सांगा, मग हवं तर जन्मभर बोलू नका!"

दार उघडलं. रंजू अजून रागातच होती, पण जळका बल्ब हातात होता आणि तक्रार ऐकायला माणूस समोर होतं. हे दोन्ही एकदम मिळाल्यावर राग धरून ठेवणं कोणाला जमतं? "वाढते म्हणजे? भडकते! किती बल्ब उडाले माहे! फ्रीजर तं असा गुरगुरून राहिला, की त्यात मासळी हाय का वाघ, समजत नाही. मले वाटलं, तुह्या घरीच काहीतरी करता तुमी, आमच्या घरची..."

"आणि मला वाटलं, तुमचा फ्रीजर!"

तेवढ्यात टीनाचं घर आणखी काळवंडलं आणि रंजूच्या आतल्या खोलीतला दिवा भक्कन उजळला. दोघींनी एकमेकींच्या घराकडे पाहिलं.

"ताई, तुमची तागडी असते ना," टीना म्हणाली, "तिच्या मधली गाठ सरकली तर काय होतं?"

"एक पारडं वर, एक खाली. गिऱ्हाईक बोंबलते."

"तसंच झालंय. डीपीतली मधली वायर सुटतेय. मी खालच्या पारड्यात, तुम्ही वरच्या."

रंजूने एकदा डीपीकडे, एकदा फ्रीजरच्या गुरगुरण्याकडे पाहिलं. तिला न्यूट्रल म्हणजे काय ते कोणी शिकवलं नव्हतं, पण गाठ सुटली म्हणजे काय ते तिला पुरतं ठाऊक होतं. "मंग आता?"

"मेन बंद करा! फ्रीजर, टीव्ही, सगळं!" टीना ओरडली. लग्न होऊन आल्यापासून ती एवढ्या मोठ्याने प्रथमच बोलली होती. सुंदरबाई सूप टाकून धावल्या आणि एक शब्द न विचारता त्यांनी मेन स्विच खाली ओढला. सोमाजींनी ओढला. आरोळी घराघरांतून पुढे गेली आणि बघता बघता सगळी गल्ली अंधारात गेली. सुंदरबाईंनी कंदील लावला आणि हळूच अर्थिंगच्या खड्ड्याकडे पाहून हात जोडले.

टीनाने तक्रारीचा फोन लावला. तोच खिडकीमागचा आवाज. "लाईन हाय का नाही?"

"नाही," टीना म्हणाली. "बंद आहे. सगळ्या गल्लीत." आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"असं बोला ना मंग! ग्राहकाचं नाव?"

टीना अडखळली. रंजूने फोन तिच्या हातातून काढून घेतला. "लिलाधर लिहा. आमचं मीटर जित्या मानसाच्या नावावर हाय. आन् तुमच्या तुलारामले सांगा, रंजूची डीपी जळून राहिली!"

तुलाराम आला. लाईन बंद करून, बॅटरीच्या उजेडात त्याने पेटी उघडली. मधल्या वायरीचा चिमटा काळाठिक्कर पडून नुसता लोंबत होता. "बरं झालं मेन ओढल्या," तो पेटीतून डोकं काढून म्हणाला. "हे पूर्ण निसटलं असतं तं अर्ध्या गल्लीचे टीव्ही-फ्रीज भाजून निघते. आग लागती ते येगळीच." मागे घोळका जमला होता. यादोराव कोणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाले, "आमच्या सुनेनं पहिल्या दिवशीच वळखलं होतं." पहिल्या दिवशी घरात तिचं कोणीच ऐकलं नव्हतं, याची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही. टीनाचं तेवढ्यावरच पोट भरलं.

साहेब दौऱ्यावरून आले आणि त्या आठवड्यात नवी कोरी पेटी बसली. त्याच सकाळी भिंतीवर वाटी आली, झिंग्यांनी भरलेली. रंजू ग्रुपवर परत आली आणि तिच्या नावापुढचं राखाडी माणूस गेलं. नव्या फोटोत हिरवी साडी, नथ आणि काळा गॉगल घालून ती उभी होती, मागे राखी रंगाची नवी पेटी, आणि पेटीवर तिने मालकिणीसारखा हात ठेवला होता. टीनाने फार विचार करून, दोनदा वाचून, प्रितमला दाखवून लिहिलं: "रंजूताई, दोन्ही डीपी छान." सगळ्या गल्लीने अंगठे दिले.

पाळणा भिंतीशी परत गेला. संध्याकाळी टीना निवांत बसून चिमीला भरवू लागली. बल्ब शांत, स्थिर, सज्जन. चिमीने वर पाहिलं. वाट पाहिली. पुन्हा वर पाहिलं. दोन्ही डोळे मिटून उघडून बल्बाला आठवण करून दिली. बल्ब ढिम्म. चिमीने तोंड घट्ट मिटलं आणि भोकाड पसरायची तयारी केली.

"इतके दिवस ह्याच्यासोबतच जेवली ना वो ते," सुंदरबाई म्हणाल्या. त्या उठल्या, बोर्डाशी गेल्या आणि त्यांनी बटन दाबलं. बंद. चालू. बंद. चालू. चिमी हसली. तोंड उघडलं. टीनाने घास आत सरकवला.

"आणखी दोनदा, आई."

वाटीतला भात संपत आला तेव्हा टीनाचा मोबाईल वाजला. ग्रुपवर सोमाजींचा मेसेज होता: "टीनाबाईच्या घरची लाईट पुन्हा लुकलुकून राहिली. लाईनमनले बोलवाचं का?"

तिने उत्तर लिहायला हात पुसेपर्यंत खाली रंजूचं उत्तर आलं, गॉगलसकट.

"काही नाही काकाजी. चिमी जेवून राहिली."